तारायंत्राची वाट : सह्याद्री ओलांडणारी पहिली तार

शिवछत्रपती आग्ऱ्याहून कोणत्या वाटेने परतले, अमुक मोहिमेत पेशव्यांची फौज कोणत्या घाटाने उतरली, यांवर पुण्यात आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे; आणि ते योग्यच आहे. कारण वाट कळल्यावाचून मोहीम कळत नाही. परंतु याच शहरावरून गेलेली एक वाट अशी आहे की, तिच्याविषयी कोणी हिरीरीने वाद घातल्याचे ऐकिवात नाही. ती घोड्याची वाट नव्हे आणि तोफेचीही नव्हे. ती तारेची वाट. विजेच्या वेगाने निरोप नेणारी तार १८५४ सालाच्या सुमारास मुंबईहून घाट चढून पुण्यावरून दक्षिणेस गेली, आणि या प्रांताचा कारभार, व्यापार, युद्ध आणि वर्तमानपत्र ही सारी त्या तारेच्या कह्यात आली. ती याच बाजूने का गेली, ती वाट कोणी आणि कशासाठी आखली, आणि तिचा आपल्याला उपयोग किती व जाच किती झाला, एवढ्या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

तारेपूर्वीच्या काळात बातमीचा वेग म्हणजे माणसाच्या नाहीतर घोड्याच्या पायांचा वेग. पेशवाईतील जासूदांच्या जोड्या नावाजलेल्या होत्या. तरीही १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो प्रलय झाला, त्याची वार्ता भेलशाच्या आसपास मुक्कामास असलेल्या नानासाहेब पेशव्यांना कळण्यास सुमारे दहा दिवस लागले. आणि तीही सरकारी जासुदाकडून कळली नाही, तर एका सावकाराचे पत्र वाटेत हाती लागले म्हणून कळली. एवढ्या मोठ्या सत्तेच्या धन्याला आपल्या भावाचा व मुलाचा मृत्यू सावकारी हुंडणावळीच्या भाषेत वाचावा लागला, ही गोष्ट नुसती करुण नाही. बातमी ही देखील सत्ता आहे आणि जो ती आधी मिळवितो तो अर्धी लढाई जिंकतो, हा धडा तिच्यात आहे. इंग्रजांनी तो धडा नीट गिरविला होता.

तारायंत्र हिंदुस्थानात रुजविणारा मनुष्य मुळात तारेच्या विद्येतला नव्हे. विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी हा आयर्लंडातील लिमरिकचा डॉक्टर. तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, आणि १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळील वनस्पती-उद्यानाच्या परिसरात काही मैलांची तार उभारून हुगळीच्या पाण्याखालूनही विजेचा संदेश नेऊन दाखविला. त्या वेळी सरकारने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे डलहौसीच्या अमदानीत १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. समुद्रावरून येणाऱ्या गलबतांची वर्दी राजधानीत लवकर पोचावी, हा तिचा हेतू. १८५२ च्या ब्रह्मी युद्धात रंगून पडल्याची वार्ता याच तारेने डलहौसीच्या कानी गेली आणि त्याची खात्री पटली. या कामात ओ'शॉनेसीचा उजवा हात होता शिवचंद्र नंदी नावाचा बंगाली गृहस्थ. मोठमोठ्या अंतरांवर तारा टाकण्याची जबाबदारी पुढे त्याच्यावर सोपविण्यात आली. आपल्या माणसांना ही विद्या येणार नाही, असे म्हणणाऱ्यांना ते परस्पर उत्तर होते.

नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्ता–आग्रा तारेचे काम सुरू झाले, आणि २४ मार्च १८५४ रोजी त्या आठशे मैलांवरून संदेश गेला. पाच महिन्यांच्या आत आठशे मैल! याचे रहस्य असे की, आधी हलक्या, तात्पुरत्या खांबांवर तार ओढून ती चालू करावयाची, आणि मग सवडीने भक्कम खांब रोवून ती कायम करावयाची, असा परिपाठ ठेवला होता. आग्ऱ्याहून एक फाटा पंजाबात अटकेकडे गेला. दुसरा ग्वाल्हेर, इंदूर या वाटेने मुंबईस आला. आणि मुंबईहून पुणे, बेळ्ळारी, बंगळूर या अंगाने तार मद्रासेस पोचली. १ फेब्रुवारी १८५५ पासून हे जाळे सर्वसामान्य जनतेस पैसे भरून वापरण्यास खुले झाले.

आता नकाशा पुढे घ्यावा. कलकत्त्याहून मुंबईकडे सरळ रेघ ओढली तर ती छत्तीसगड, नागपूर, वऱ्हाड यांवरून येते आणि तिची लांबी साधारण हजार मैलांच्या घरात भरते. प्रत्यक्ष तार मात्र उत्तरेस आग्ऱ्यापर्यंत चढली आणि मग पुन्हा दक्षिणेस उतरली. म्हणजे जवळजवळ दीडपट अंतर. मद्रासचा प्रकार तर याहून विलक्षण. कलकत्ता आणि मद्रास ही दोन्ही शहरे एकाच समुद्राच्या काठावर. पण त्यांच्यातला निरोप आग्रा, मुंबई, पुणे असा जवळजवळ सबंध देशाला वळसा घालून जात होता. काका, मामा, आत्या सर्वांना विचारून मग शेजारच्या घरी जावे, तसला हा प्रकार. हे अज्ञानाने झाले काय? मुळीच नाही. या वळशामागे तीन कारणे होती, आणि तिन्ही लक्षात घेण्याजोगी आहेत.

पहिले कारण राजकीय. कंपनीची मोठी फौज, छावण्या आणि दारूगोळा गंगेच्या खोऱ्यात व पंजाबात होता. १८४९ साली पंजाब नुकताच घशात घातलेला. तेव्हा गव्हर्नर जनरलला सर्वांत आधी जोडावयाचे होते ते आग्रा, दिल्ली आणि लाहोर. व्यापाऱ्याची सोय हा मागाहूनचा विचार. दुसरे कारण मुलखाचे. नागपूर हे योजना आखली जात असताना भोसल्यांचे राज्य होते; तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि १८५४ त ते राज्य खालसा झाले. त्याच्या पूर्वेस दाट अरण्य, आणि बांधीव रस्ता नाही. ओरिसाच्या किनाऱ्याने जावे तर महानदी, गोदावरी, कृष्णा यांची विशाल मुखे आडवी. तिसरे कारण मात्र तारेच्या स्वभावातच होते, आणि माझ्या मते तेच मुख्य.

तार स्वतः पक्ष्यासारखी जाऊ शकते. तिला चढ-उताराचे वावडे नाही. दरी आली तर ती दरीवरून लटकत जाईल. आगगाडीला तशी मुभा नाही. बोरघाटात लोहमार्गाने सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढावयाचे, तेही सदतीस फुटांस एक फूट यापेक्षा अधिक चढ न येऊ देता. त्यासाठी पंचवीस बोगदे खणावे लागले, एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबले, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी तो घाट गाडीला खुला झाला. त्याच्या मानाने तारेला घाट म्हणजे खेळ, असे कोणासही वाटेल. पण तार तुटते, आणि ती सांधणारा माणूस पक्षी नसतो. तो पायांनी जातो. त्याच्याबरोबर गडी, शिडी आणि तारेचे वेटोळे जाते. त्याला रात्री निवारा आणि सकाळी भाकरी लागते. म्हणून तारेची वाट ठरते ती तार कोठून जाऊ शकेल यावर नव्हे. तुटलेल्या जागी माणूस किती लवकर पोचेल, यावर ठरते. ज्याला ही एक गोष्ट उमगली त्याला तारेचे सगळे नकाशे उमगले.

या दृष्टीने पाहिले असता पुण्याची निवड का झाली, हे आपोआप स्पष्ट होते. मुंबईहून दक्षिणेस जाण्यास कोकणपट्टी जवळची दिसते. पण तेथे दर काही कोसांवर खाडी, आणि पावसाळ्यात सगळा व्यवहार बंद. उलट, बोरघाटात १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकीर्दीत गाडीरस्ता खुला झालेला होता. घाटमाथ्यावर आले की पुण्यास मोठी छावणी. शिवाय पावसाळ्यात खुद्द मुंबईचा गव्हर्नर दापोडीच्या बंगल्यात मुक्कामास येत असे. म्हणजे जून ते सप्टेंबर मुंबई इलाख्याचे निम्मे डोके पुण्यास असावयाचे. ते डोके आणि मुंबईचे धड यांना जोडणारी शीर म्हणजे ही तार. तिकडे आग्ऱ्याची तार सह्याद्री ओलांडण्यासाठी नाशिककडून कसाऱ्याच्या थळघाटाने उतरली, कारण मुंबई–आग्रा रस्ता तेथूनच गेलेला. सह्याद्रीत घाटवाटा शेकड्यांनी असल्या तरी तारेने निवडल्या त्या दोनच. जेथे बैलगाडी चढते त्या.

बैलगाडी चढणे का अगत्याचे, ते सामानावरून कळेल. युरोपात बारीक तार वापरण्याचा प्रघात होता. ओ'शॉनेसीने येथे पेन्सिलीएवढी जाड लोखंडी तार पसंत केली. माकडे तिच्यावर झोके घेणार, गिधाडांचे थवे बसणार, वादळात फांद्या कोसळणार. बारीक तारेचा येथे निभाव लागणार नाही, हा त्याचा हिशेब. शिवाय जाड तार अधिक अंतरावरच्या खांबांवर ताणता येते, म्हणजे खांब कमी लागतात. परंतु या तारेचे वजन मैलास अर्ध्या टनाच्या वर. शंभर मैलांस पन्नास टनांहून अधिक लोखंड झाले. हे ओझे वाहिले ते बैलांनी आणि हमालांनी. खांब म्हणावे तर जेथे जे मिळेल ते : कोठे सागवान, कोठे ताडाचे झाड, आणि दक्षिणेत लाकूड दुर्मिळ व वाळवी उदंड म्हणून काळ्या दगडाचे उभे खांब. नद्यांची गोष्ट याहून बिकट. डलहौसीने हिंदुस्थान सोडताना १८५६ त लिहिलेल्या आपल्या कारभाराच्या आढाव्यात सत्तर मोठ्या नद्या तारेने ओलांडल्याचे नमूद केले आहे. उत्तरेत सोन नदीचे पात्रच सुमारे तीन मैल. आणि आपल्या दक्षिणेकडील वाटेवर तुंगभद्रेत टाकलेली पाण्याखालची तार दोन मैलांहून कमी नव्हती.

घाटातला खरा शत्रू मात्र पाऊस. लोणावळे-खंडाळ्यास वर्षाला सुमारे १८० इंच पाऊस पडतो, आणि तेथून चाळीस मैलांवरच्या पुण्यास जेमतेम अठ्ठावीस. तारेतील विजेचा प्रवाह हा पाटाच्या पाण्यासारखा असतो. पाटाला जागोजाग भगदाडे पडली तर शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचत नाही. तसेच खांब ओला झाला, त्यावरील चिनी मातीच्या टोपीवर शेवाळ चढले, की प्रत्येक खांबावरून थोडी थोडी वीज जमिनीत झिरपते, आणि शंभराव्या मैलावर यंत्राची सुई हलेनाशी होते. आषाढात, धुक्यात, जळवांच्या रानातून, कोणत्या खांबावर गळती आहे ते शोधीत हिंडणारा तारेचा खलाशी डोळ्यांपुढे आणावा. त्याचे नाव कोणत्याही इतिहासात नाही. घाटमाथ्यावरच्या गावांतील अशा निनावी माणसांच्या पायांवरच साम्राज्याची ही वीज चालत होती.

अशी वाट आखणे हे केवळ हिंदुस्थानापुरतेच कठीण होते असे नाही. १८७२ साली ऑस्ट्रेलियात दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत सुमारे दोन हजार मैलांची तार चार्ल्स टॉड या अधिकाऱ्याने पुरी केली. २२ ऑगस्ट रोजी तिचे दोन्ही तुकडे जोडले गेले. खांब लागले ३६,०००. मधला सारा मुलूख उजाड. तेथे टॉडने सरळ रेघ धरली नाही. स्टुअर्ट नावाचा प्रवासी दहा वर्षांपूर्वी ज्या पाणवठ्यांच्या आधाराने तो खंड पार करून गेला होता, त्याच वाटेचा त्याने मुख्यतः अवलंब केला. आपल्याकडे रस्त्याने जे काम केले ते तेथे पाण्याने केले. तत्त्व एकच : तारेच्या मागे माणूस जगला पाहिजे. आणि वाळवी तेथेही होतीच; उत्तरेकडील लाकडी खांब तिने पोखरले व पुढे लोखंडी घालावे लागले.

योगायोग असा की, चार्ल्स टॉड याच नावाचा दुसरा एक मनुष्य दिल्लीस तारमास्तर होता. ११ मे १८५७ रोजी मीरतेचे शिपाई दिल्लीत शिरले तेव्हा तार तपासावयास गेला असता तो मारला गेला. कचेरीतील दोन तरुण तारवाल्यांनी अंबाल्यास निरोप पाठविला आणि मग ते पळाले. तो निरोप अंबाल्याहून लाहोरास गेला व पंजाबातील हिंदी पलटणींना बातमी लागण्याआधीच त्यांची शस्त्रे काढून घेण्यात आली. मुंबईस गव्हर्नर एल्फिन्स्टन यालाही आग्ऱ्याच्या वाटेने मेच्या मध्यावर वर्तमान कळले. तारेने आपल्याला वाचविले, असे इंग्रज अधिकारी पुढे म्हणत, त्यात अतिशयोक्ती असली तरी ती सर्वस्वी खोटी नव्हती. उलट, उठाव करणाऱ्यांनीही तारेचे मर्म चांगलेच ओळखले होते. शेकडो मैल तार त्यांनी तोडली, खांब जाळले, तारेचे तुकडे करून बंदुकीत गोळ्या म्हणून भरले. गावंढळांनी वेडेपणाने मोडतोड केली, असे जे चित्र रंगविले जाते ते बरोबर नाही. शत्रूची शीर कोणती, हे त्यांनी नेमके हेरले होते.

आणि येथेच त्या आडवळणाच्या वाटेची किंमत सरकारला मोजावी लागली. कलकत्ता आणि मुंबई यांना जोडणारा धागा एकच, आणि तोही आग्ऱ्यावरून गेलेला. मध्य हिंदुस्थान पेटताच तो तुटला आणि दोन्ही राजधान्या एकमेकींना मुक्या झाल्या. सत्तेच्या सोयीसाठी आखलेली वाट सत्तेच्याच कामी ऐन वेळी आली नाही. त्यानंतर पूर्व किनाऱ्याने मद्रास–कलकत्ता तार पुरी करण्यात आली आणि एका ठिकाणी जाण्यास दोन वाटा असाव्यात, हे सूत्र तारखात्याने कायमचे गाठीस बांधले.

आता तिसरा प्रश्न. ही तार आमची झाली काय? प्रथम तरी नाही. सुरुवातीचा दर चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांस एक रुपया असा होता. तो मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढा. १८५४ च्या कायद्याने तारा उभारण्याचा मक्ता सरकारकडे गेला, आणि १८८५ च्या कायद्याने कोणाच्याही जमिनीत खांब रोवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. जमीन मालकाची राहील, नुकसान झाल्यास भरपाई मिळेल, एवढे त्यात होते. पण खांब कोठे यावा, हे शेतकऱ्याला विचारण्याची गरज नव्हती. व्यापाऱ्यांनी मात्र तारेचा उपयोग लवकर ओळखला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, लिव्हरपुलच्या कापसाच्या भावावर मुंबई नाचू लागली. १८६५ साली इराणी आखातातून युरोपशी तार जोडली गेली; त्याच वर्षी ते युद्ध संपले, भाव कोसळला आणि मुंबईच्या पेढ्या धडाधड बसल्या. १८६६ त रॉयटरची कचेरी मुंबईस आली. १८७० मध्ये मुंबई–एडन–सुवेझ अशी समुद्रतार पडली आणि लंडनचे वर्तमान तासांच्या अंतरावर आले. १८७६–७८ च्या दुष्काळात या प्रगतीची दुसरी बाजूही दिसली. कोठे भाव चढला हे तारेने कळे आणि धान्य तिकडे जाई. पण ते जाई ज्याच्या गाठीस पैसा आहे त्याच्याकडे. सोलापूर आणि पूर्व पुण्याच्या उपाशी कुणब्याला तारेने भाकरी आणून दिली नाही. बातमी धावली म्हणजे दया धावतेच असे नाही.

तरीपण इतिहासाची गंमत अशी की, वाट जो आखतो त्याच्याच मालकीची ती कायम राहत नाही. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. १८८१ त 'केसरी' निघाला. ज्या तारेने सरकारचे हुकूम येत, तिच्याच आधाराने देशाच्या एका टोकाची सभा दुसऱ्या टोकास दुसऱ्या दिवशी कळू लागली. आणि पुण्याचा माणूस लाहोरच्या व कलकत्त्याच्या माणसाशी एकाच वेळी एकाच गोष्टीवर संतापू लागला. हिंदुस्थान हे एक राष्ट्र आहे, ही भावना तारेने निर्माण केली असे मी म्हणणार नाही; तिची मुळे फार खोल आहेत. परंतु त्या भावनेला रोजचा श्वास तारेने पुरविला, एवढे कबूल केले पाहिजे. राज्यकर्त्यांनी आपल्या छावण्या जोडल्या; त्याच धाग्याने आपण माणसे जोडली.

सामान्य घरात तारेचा प्रवेश झाला तो वेगळ्याच रूपाने. दारात तारवाला उभा राहिला की घरातली माणसे कावरीबावरी होत. कारण तार यावयाची ती बहुधा आजाराची नाहीतर मृत्यूची. पुढे परीक्षेच्या यशाच्या, नोकरीच्या, लग्नाच्या तारा आल्या, तरी ती पहिली धास्ती पुरती गेली नाही. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली तेव्हा शेवटची तार करण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. भीतीने उघडले जाणारे ते पाकीट निरोपाच्या वेळी प्रिय झाले.

तार गेली, वाट मात्र गेली नाही. लोहमार्ग झाले तशा तारा हळूहळू त्यांच्या कडेला आल्या. मग दूरध्वनीच्या तारा आल्या, आणि आज काचेच्या केसाएवढ्या धाग्यांतून जे संदेश धावतात तेही पुष्कळसे रस्त्याच्या आणि रुळांच्या कडेनेच पुरलेले आहेत. कारण धागा तुटतो आणि तो सांधणाऱ्याला अजूनही तेथवर जावे लागते. म्हणून ज्या गावावरून जुनी वाट गेली त्या गावाला नवे साधन आधी मिळते, आणि जे तेव्हा बाजूस राहिले ते पुनःपुन्हा बाजूसच राहते. मुंबई–पुणे वाटेवर एकामागून एक रस्ता, रूळ, तार आणि द्रुतगती मार्ग आले. खाड्यांमुळे त्या वेळी टाळलेल्या कोकणाला मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग लोहमार्ग मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून कोणतीच तार गेली नव्हती, आणि आजही तेथे संदेश मिळण्यासाठी टेकाड चढावे लागते, असे तेथील लोक सांगतात.

नागरिकांनी या इतिहासातून घ्यावयाचे ते एवढेच. नकाशावरची रेघ निष्पाप नसते. ती कोणाच्या तरी गरजेने ओढलेली असते, आणि एकदा ओढली की शंभर-दीडशे वर्षे पुसत नाही. १८५४ साली ती आपल्याला न विचारता ओढली गेली, कारण आपण प्रजा होतो. आज रेघ ओढण्याचा अधिकार आपल्या प्रतिनिधींकडे आहे. तेव्हा नवा रस्ता, नवा लोहमार्ग, नवा धागा यांचे नकाशे निघतील तेव्हा त्यावर काय आले, याबरोबरच काय राहून गेले, हेही विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. घाटात त्या पहिल्या तारेचे खांब पावसात चढविणाऱ्या निनावी खलाशांना हा प्रश्न विचारता आला नव्हता. तो आपल्याला विचारता येतो.